बसला म्हणजे धरला असं नाही



इथे कोणी पोळ्याच्या आठवणी लिहितं, कोणी गोटमारीच्या, कोणी जाम नदीच्या पुराच्या. मी आज गाडीच्या ऑइल फिल्टरबद्दल लिहिणार आहे. विषय रुक्ष वाटेल. पण ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे आणि ज्यांचं गाव आमच्या पांढुर्ण्याएवढं आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

मी बी.कॉम. झालेला माणूस, सारी नोकरी बँकेत गेली. इंजिनाचं शिक्षण काही नाही. जे थोडंफार कळतं ते कर्जदारांकडून शिकलो. पंपसेटला, ट्रॅक्टरला कर्ज दिलं की पाहणीला शेतात जावं लागायचं. संत्र्याच्या बगीच्यात चहा येईपर्यंत शेतकरी इंजिन उघडून दाखवायचे. "साहेब, तेल अन् पाणी सांभाळलं तर इंजिन बापाच्या काळापासून लेकाच्या काळापर्यंत चालते," हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं त्याचा हिशोब नाही. तेव्हापासून आपल्या गाडीचं तेल आपणच बदलायचं, अशी सवय लागली. आता वय चौऱ्याहत्तर. खाली वाकायला शेजारचा मुलगा मदतीला असतो, पण देखरेख माझी.

आमची गाडी अठरा वर्षांची, लहान, पेट्रोलची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. मुलगा पुण्याहून दर फोनवर सांगतो, "बाबा, विकून टाका, टॅक्सी करत जा." पण या गाडीवर आमचं एक काम अवलंबून आहे. सौभाग्यवतींच्या डोळ्याच्या पडद्यात पाणी साचतं. त्यासाठी दर महिन्याला नागपूरला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की तारीख चुकवायची नाही, गेलेली नजर परत येईलच असं नाही. नागपूर आमच्याहून शंभरेक किलोमीटर. रेल्वे आहे, बस आहे. पण इंजेक्शननंतर एक डोळा झाकलेला, दुसऱ्याला मोतीबिंदू, गुडघे दोन्ही दुखरे. अशा माणसाला प्लॅटफॉर्मच्या पायऱ्या चढायला लावणं जिवावर येतं. म्हणून गाडी. भाचा चालवतो, मी शेजारी बसतो.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या गाड्या मंडईकडे जायला लागल्या होत्या. शुक्रवारी नागपूरची तारीख होती आणि बुधवारी सकाळी आम्ही तेल बदलायला घेतलं. इंजिन पाच मिनिटं गरम केलं, चाकांमागे दगड लावले, चेंबरचा नट काढून जुनं तेल टबात सोडलं. जुना फिल्टर पट्टापान्यानं सैल करून हातानं काढला. त्याची रबरी रिंग त्याच्यासोबतच आली की इंजिनाला चिकटून राहिली, हे बोट फिरवून पाहिलं. जुनी रिंग राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर इंजिन सुरू होताच तेलाची पिचकारी उडते. रिंग सोबतच आली होती.

नवा फिल्टर बाजारातल्या दुकानातून आणलेला होता. 2023 साली आमचा पांढुर्णा जिल्हा झाला, पण जुन्या गाडीचा कंपनीचा फिल्टर अजून नागपूरहूनच मागवावा लागतो. इथे मिळतो तो दुसऱ्या बनावटीचा. त्यात वाईट काही नाही, चांगले फिल्टर बनवणारे पुष्कळ आहेत. डब्यावर आमच्या गाडीचं नाव छापलेलं होतं.

तो फिल्टर जुन्याच्या तोंडाला तोंड लावून पाहिला. नोकरीत रोज चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहायची, ती सवय हाताला राहिली आहे. नव्याची रबरी रिंग मोठी निघाली. इंजिनावर ती जिथे टेकते त्या गोल जागेच्या काठाबाहेर गेली असती. लावलाच नाही, परत पाठवला.

दुकानदारानं दुसरा दिला. म्हणाला, "हा घेऊन जा साहेब, हा सगळ्याईले बसते." याची रिंग जुन्याइतकीच. उंची तीच, जाडी तीच, रंगसुद्धा तोच. रिंगेला बोटानं नवं तेल लावलं आणि मुलानं फिल्टर फिरवायला घेतला. लोण्यासारखा चढला. मुलगा खूश. मी म्हटलं, थांब, रिंग टेकायच्या आधी जरा हलवून पाहा. हलवला, तर फिल्टर डावीकडे-उजवीकडे डुगडुगत होता.

"काकाजी, आतून तेल लागलं हाय ना, म्हणून हालते. कसून देतो, काही होत नाही."

मी म्हटलं, कसू नको. जुना कसा बसतो ते आधी पाहू. जुना परत चढवला. तो चार वेढ्यांतही जागचा हलला नाही, अगदी नेमका चढला. मग नवा कसायचा नाही, हे ठरलं.

दुपारी दोन्ही फिल्टर पिशवीत घालून लेथवाल्या दादांकडे गेलो. ट्रॅक्टरचे, पंपाचे भाग दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी दोन्ही फिल्टर पाहिले, चष्मा पुसला, आटे मोजायचा गेज आणि व्हर्नियर काढला. दहा मिनिटांनी म्हणाले, "साहेब, हा भावासारखा दिसते, पन भाऊ नाही."

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. फिल्टर ज्या पोकळ स्टडवर फिरवून चढवतात, त्या स्टडचे आटे निरनिराळ्या मापांचे असतात. त्यांपैकी दोन मापं फार चालतात आणि तीच एकमेकांशी गोंधळतात. एक इंचाचं : पाऊण इंच जाडी, म्हणजे 19.05 मिलिमीटर, आणि एका इंचात 16 आटे. दुसरं मिलिमीटरचं : 20 मिलिमीटर जाडी आणि दर आट्यात 1.5 मिलिमीटरचं अंतर. इंचाच्या मापात हेच अंतर 1.5875 मिलिमीटर येतं. म्हणजे जाडीत फरक एका मिलिमीटरहून कमी आणि आट्यांच्या अंतरात तर केसाएवढा. डोळ्यांना दिसणार नाही.

आमच्या गाडीचा स्टड इंचाच्या मापाचा. नवा फिल्टर मिलिमीटरचा, म्हणजे भोक मोठं. म्हणून तो इतका सहज चढला. उलट असतं, म्हणजे स्टड 20 चा आणि फिल्टर पाऊण इंचाचा, तर तो चढायलाच नकार देतो. कोणी जोर लावून चढवायला गेलं तर आटे खराब होतात, पण निदान काहीतरी चुकतंय हे तिथेच कळतं. आमच्या बाबतीत मात्र फिल्टर चढतो, रिंग टेकली की हाताला घट्टही लागतो, आणि आत आटे एकमेकांना निम्मेसुद्धा धरत नाहीत.

"मग काय होतं?" मी विचारलं.

"गाडी सुरू होते. चालतेबी. थंड इंजिन सुरू केलं की तेल घट्ट असते, दाब जास्त असते. कधी पहिल्याच दिवशी, कधी महिन्यानं, एखाद्या वेळी फिल्टर सटकते. मंग सारं तेल रोडवर. ड्रायव्हरचं ध्यान लाल लाइटकडं नसलं, तर दोन मिनिटांत इंजिन जाम."

मला आमच्या लहानपणीचे शेर आणि किलो आठवले. मेट्रिक मापं 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. किलोच्या इतका जवळ की कित्येक दिवस बाजारात लोक शेरालाच किलो समजायचे. तफावत सत्तर ग्रॅमच्या आतली. एकदा घेतलेल्या साखरेत काही कळत नाही, वर्षभराच्या किराण्यात कळतं. फिल्टरचं तसंच, फक्त इथे तफावत कळते ती भर रस्त्यात.

दादांनी एक जुना, वापरलेला फिल्टर लेथवर धरून कापून दाखवला. आत घड्या घातलेला कागद, मधे भोकं पाडलेली नळी, तोंडाशी एक मऊ रबरी पडदा. गाडी बंद असताना फिल्टरातलं तेल परत चेंबरमध्ये उतरू नये, म्हणून तो पडदा. शिवाय स्प्रिंगवरची एक छोटी झडप. कागद तुंबला तर ती उघडते आणि न गाळलेलं का होईना, पण तेल इंजिनाला पोचवते. 1923 साली अमेरिकेत प्युरोलेटर हे नाव निघालं ते 'प्युअर ऑइल लेटर' या शब्दांवरून. तेल आधी शुद्ध व्हावं, मग इंजिनात जावं, एवढाच विचार. शंभर वर्षं झाली, विचार तोच आहे. पण हे सारं त्या एका स्टडच्या आट्यांवर लटकलेलं असतं, हे मला त्या दिवशी दिसलं.

आता प्रश्न शुक्रवारचा होता. नागपूरहून फिल्टर मागवायला दोन दिवस लागले असते. मुलाचा फोन आला, "बाबा, टॅक्सी करा." त्यात गैर काही नव्हतं, पण सौ.ना अनोळखी गाडीत उलट्या होतात, आणि झाकलेल्या डोळ्यानं परत येताना तो त्रास कोणाला हवा? घरात एक मत असंही आलं की आणलाय तो फिल्टर लावा, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरचाच तर प्रश्न आहे. मी नाही म्हटलं. सौ. आतून म्हणाल्या, "तुम्ही बँकेत कोणाच्या सांगण्यावरून चेक पास केला नाही, आता कशाले करता?" वाद तिथेच मिटला.

उपाय दादांनीच सांगितला. जुना फिल्टर वर्षभराचा होता, पण गाडी वर्षाकाठी चार-पाच हजार किलोमीटरच चालते. त्याची रिंग मऊ होती, आटे नेमके होते. नवं तेल भरा, जुनाच फिल्टर लावा, नागपूरला जाऊन योग्य फिल्टर आणा आणि मग बदला. नव्या तेलात थोडं जुनं मिसळेल, त्यानं गाडी मरत नाही. तसंच केलं. बुधवारी संध्याकाळी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी पेपर कोरा.

शुक्रवारी पहाटे निघालो. सावनेरला चहासाठी थांबलो तेव्हा भाच्यानं पुन्हा वाकून पाहिलं. थेंब नाही. इंजेक्शन वेळेवर झालं. परतीच्या आधी जुना फिल्टर दाखवून, माप विचारून कंपनीचा फिल्टर घेतला. रविवारी लावला. हातानं फिरवला, रिंग टेकल्यावर आणखी पाऊण वेढा. डुगडुग नाही, जोर नाही. सौ. आता त्या डोळ्यानं सुईत दोरा ओवू शकत नाहीत, पण दारातली तुळस आणि माझा चेहरा दिसतो म्हणतात. आम्हाला तेवढं पुरतं.

राहिला दुकानदार. सोमवारी फिल्टर परत करायला गेलो तर आधी चिडला. "साहेब, दहा जणांनी नेला, एकानंबी परत आणला नाही." मी म्हटलं, "भाऊ, त्यातल्या ज्यांचे स्टड वीसचे असतील त्यांना तो बरोबरच आहे. बाकीच्यांचं काय?" तो गप्प झाला. कोणाला काय दिलं याची नोंद नव्हती, पण गावातली गिऱ्हाइकं, चेहरे ओळखीचे. त्यानं आठवून आठवून फोन लावले. एक संत्र्याची पिकअप निघाली, भुसावळच्या फेरीला जायच्या आदल्या दिवशी. फिल्टर काढून पाहिला तर तसाच डुगडुगणारा. दहा जणांत हा एक तरी वेळेवर सापडला.

आता त्याच्या काउंटरवर लेथवाल्या दादांनी घडवून दिलेले दोन लोखंडी तुकडे तारेनं बांधलेले आहेत. एकावर पाऊण इंचाचे आटे, दुसऱ्यावर वीस मिलिमीटरचे. गिऱ्हाईक जुना फिल्टर घेऊन येतं. तो दोन्हींवर लावून पाहायचा, जिथे न डुगडुगता चढेल ते माप, आणि नवा त्याच मापाचा द्यायचा. दादांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

तर मंडळी, घरी तेल बदलत असाल तर जुना फिल्टर दुकानात सोबत न्या. रिंगेला रिंग लावा, आटे ताडून पाहा, आणि रिंग टेकायच्या आधी एकदा हलवून पाहा. जो चढत नाही त्याला जोर लावू नका, आणि जो फारच सहज चढतो त्याच्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका.