चारीच्या पाण्यातील बिऱ्हाडे

भवानीनगरला आमचे महिन्यातून एकदा जाणे होते. बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणारे हे गाव श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांस ठाऊक आहे. भोवतालचा ऊस निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला. तेथे आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब राहते. त्यांच्या घरामागील चारीतले शेवाळ खरवडून बाटलीत भरून आणणे हा आमचा छंद आहे. धर्मगुरूला तो शोभतो की नाही, याविषयी वाचकांनी हवे ते मत बाळगावे.

या शेवाळात कवचधारी अमीबा असतात. शालेय पुस्तकातील अमीबा उघडा. हे त्याचे भाऊबंद मात्र घर करून राहतात. आर्सेला त्यांतला सहज सापडणारा. त्याचे कवच वरून बशीसारखे गोल, बाजूने घुमटासारखे, रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. कोवळेपणी ते फिकट असते, जुने होता होता काकवीच्या रंगावर जाते. तळाशी मधोमध छिद्र असते. त्यातून छद्मपाद, म्हणजे पारदर्शक बोटे, बाहेर काढून तो सरकतो. डिफ्लुजिया वाळूचे कण जुळवून घर रचतो. विभाजनापूर्वी तो असे कण गिळून आत साठवतो. मग त्याच्या देहाचा काही भाग कवचाच्या तोंडातून बाहेर फुगतो आणि त्यावर ते कण बसून दुसरे घर उभे राहते. लेकराच्या घराचे सामान आईने पोटात वागवावे, हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो.

सूक्ष्मदर्शकाला मोबाइल लावून काढलेली आमची छायाचित्रे आम्ही त्या कुटुंबाला मोठ्या कौतुकाने दाखवली. आठवीतली मुलगी ती बराच वेळ न्याहाळत होती. मग म्हणाली, “फादर, घरं लई झ्याक हायती. पण आत कुणीच न्हाई.”

बोलणे खरे होते. रिकामे कवच हलत नाही, म्हणून रेखीव चित्र त्याचेच मिळते. तिच्या घरासमोर दर हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. नांदते घर कोणते आणि ओस कोणते, हे तिला शिकवावे लागत नाही.

मग आम्ही जिवंत आर्सेलाच्या मागे लागलो. सापडला, पण काचपट्टीला धक्का लागताच त्याने बोटे आत ओढून घेतली. आम्ही दिवा वाढवला, भिंग बदलले, पुन्हा दिवा वाढवला. आमचा दिवा जुन्या बल्बचा, तापणारा. कडेचे पाणी आटत गेले आणि आतली हालचाल थांबली. चित्र मात्र अतिशय स्पष्ट आले. ते आम्ही कोणालाही दाखवलेले नाही.

हेन्री जॉन कार्टर या मुंबईतील शल्यवैद्याने 1856 मध्ये मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीवांवर टिपणे प्रसिद्ध केली आणि 1864 मध्ये इंग्लंड व हिंदुस्थानातील अशाच अमीबावर्गीय जीवांवर सचित्र लेख लिहिला. चित्रे हाताने काढायची, म्हणजे जीव बोट बाहेर काढीपर्यंत बसून राहणे आलेच. आमची घाई मोबाइलने वाढवली होती.

पुढल्या खेपेस आम्ही आच्छादन काचेच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचे टिपके लावले. त्यामुळे काच जिवावर दाबली जात नाही. कडेने अधूनमधून पाण्याचा थेंब सोडला, दिवा मंद केला आणि प्रकाशाची झडप आवळली. पारदर्शक बोटांची कड तेव्हाच उमटते. अर्ध्या तासाने एक बोट बाहेर आले, मग दुसरे. आमचा हात थरथरला. चित्रात कवच अस्पष्ट आहे, बोटे त्याहून अस्पष्ट. मुलीने ते पाहिले, आणि दुसरे दाखवा असे म्हणाली नाही.

काचपट्टी आम्ही चारीतच धुतली. आता कालव्याचे आवर्तन संपले असून चारी कोरडी आहे. पाणी हटले की हे जीव कवचात आक्रसून, स्वतःभोवती आवरण करून पडून राहू शकतात. तिने चारीतला मूठभर सुका गाळ कागदात बांधून दिला. तो आम्ही वाटीत भिजत घातला आहे. आज चौथा दिवस. अजून काही हललेले नाही.