मलबारातलं हर्णै

भाचीने लंडनहून एक फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलेलं: ‘मावशी, हा तुझा सुवर्णदुर्ग.’ फोटोत गर्द झाडी, मधोमध विटांचा तिकोनी मनोरा, तिन्ही कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज आणि तळमजल्यावर चहाची सोय. मोबाइल उभा-आडवा करून पाहिला. तिकोनी इमारत डोळ्यांना पटतच नाही. चौथ्या भिंतीचे पैसे संपले असावेत असं वाटत राहतं.

ती चेष्टा करत नव्हती. आग्नेय लंडनमध्ये शूटर्स हिल नावाची टेकडी आहे, तिच्यावर हा मनोरा १७८४ पासून उभा आहे आणि त्याचं नाव खरोखरच सेव्हर्नड्रूग कॅसल आहे. लेडी अ‍ॅन जेम्स या बाईंनी तो नवऱ्याच्या स्मरणार्थ बांधला. नवरा म्हणजे विल्यम जेम्स, वेल्सच्या पेम्ब्रोकशरमधला, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा कमोडोर. २ एप्रिल १७५५ या दिवशी त्याने हर्णैसमोरच्या समुद्रातला, तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग किल्ला घेतला आणि त्या एका दिवसावर पुढचं सगळं आयुष्य उभं केलं. मायदेशी परतला, कंपनीच्या संचालकांत बसला, पार्लमेंटात गेला, सर झाला. १७८३ च्या डिसेंबरात, मुलीच्या लग्नाच्या दिवशीच, तो अचानक गेला. लग्नघराचं काय झालं असेल त्या दिवशी! आणि वर्षभरात बाईंनी टेकडीवर बांधकाम काढलं.

मला या अ‍ॅनबाईंनीच धरून ठेवलं. जेम्स हिंदुस्थानातून परतल्यावर काही वर्षांनी त्यांचं लग्न झालं, म्हणजे हर्णैचा किनारा त्यांनी बहुधा नुसता ऐकलेला. जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर, पुन्हा पुन्हा. प्रत्येक घरात असा एक पराक्रम असतो आणि तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करणारी एक बायको असते. बाई काही साध्यासुध्या नव्हत्या. लॉरेन्स स्टर्न या कादंबरीकाराने १७६८ मध्ये मरणाच्या दारात असताना शेवटचं पत्र लिहिलं ते त्यांनाच, आपल्या मुलीला सांभाळा म्हणून. लोकांना शेवटी हाक मारावीशी वाटणारी ती बाई असणार. तिला नवऱ्यासाठी संगमरवरी पुतळा सुचला नाही, थडग्यावर रडणारी परीही सुचली नाही. तिने त्याची गोष्टच विटांत बांधून काढली. माझ्या मते स्मारकाची हीच रीत बरी. निदान लोक वर चढून चार घटका लांबवर बघतात तरी. पुढे जनरल रॉय यांनी ग्रीनिच ते पॅरिस मोजणी केली तेव्हा त्यांच्या त्रिकोणांचा एक बिंदू हा मनोरा होता. तिकोनी मनोऱ्यावरून त्रिकोण! हे वाचून मी उगाच खूश झाले.

मनोऱ्यावर लेख कोरलेला आहे. त्यात लिहिलंय की हा किल्ला मलबारच्या किनाऱ्यावर आहे आणि तो जेम्सच्या शौर्यामुळे व कौशल्यामुळे पडला. हर्णै मलबारात कधी गेलं, ते हर्णैला कुणी विचारलेलं नाही. त्याहून मोठी गंमत म्हणजे लेखात नानासाहेब पेशव्यांचं नाव नाही. तुळाजी डोईजड झाला म्हणून इंग्रजांशी करार पेशव्यांनी केला, मोहिमेवर रामाजी महादेव त्यांच्या वतीने होते, मराठी गलबतं बरोबर होती आणि पडलेला किल्ला पेशव्यांच्याच हाती आला. इंग्रजांनी बाणकोट घेतलं. दहा-अकरा महिन्यांत, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं. तुळाजीच्या वडिलांनी, कान्होजींनी, उभं केलेलं सगळं बळ त्यांच्या मागे सत्तावीस वर्षांत राख झालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला. आपल्याकडे कान्होजींची गोष्ट रंगवून सांगतात आणि हा भाग घाईघाईने उरकतात.

फोटो पाहून पुन्हा हर्णैला जावंसं वाटलं. दापोलीहून एसटी आसूदच्या बागांतून खाली उतरते आणि आधी वास येतो, मग समुद्र. वासाला नाक मुरडणाऱ्यांनी शेजारच्या मुरुडला किंवा कर्द्याला जावं. तिथे वाळू आहे, झुले आहेत, डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या आहेत. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे, आणि त्या कड्यावरून समुद्र दिसतो तो मात्र नाकवाल्यांनी आणि बिननाकवाल्यांनी सारखाच पाहावा.

हर्णैला लिलाव पाहायचा. किनारा उथळ, म्हणून बोटी आत पाण्यातच उभ्या राहतात आणि मासळी उतरवायला बैलगाड्या थेट समुद्रात जातात. बैल पोटाएवढ्या पाण्यात उभे. लाट आली की जरा मान वर करतात, बस. नांगराला जुंपलेल्या बैलाच्या तोंडावर जी सोशिकता असते ती इथे दिसत नाही. हे जरा शिष्ट वाटतात. वाळूवर पाट्या ओतल्या जातात: पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूल, बांगडे. भोवती कोंडाळं, बोली, हुज्जत, बर्फ फोडल्याचा आवाज. पाहुण्यांची नजर पापलेटवर खिळते. पापलेट हा मासा मला वधूपरीक्षेला बसवल्यासारखा वाटतो. दिसायला छान, बोलायला काही नाही. त्यापेक्षा मांदेली घ्यावीत, तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळावीत आणि काट्यांसकट खावीत. मासेवाल्या मावशी यावर म्हणाल्या, “मांदेली घे गो, पण पापलेटाला नावं नको ठेवूस, पोरांच्या फिया त्याच्यावर भरतो आम्ही.” मी गप्प बसले.

आणि समोर, सहज होडीच्या अंतरावर, सुवर्णदुर्ग. किनाऱ्यावर त्याचे तीन सोबती आहेत: कनकदुर्गावर दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची घरं, गोवा किल्ला रस्त्यालगत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. होडीतून उतरलं की तटातला दरवाजा जवळ जाईपर्यंत नीट दिसत नाही. उंबऱ्यापाशी दगडात कासव कोरलेलं, बाजूच्या भिंतीवर मारुती. आत झाडोरा आणि चहूबाजूंनी खारं पाणी असूनही गोड्या पाण्याचे साठे. १८०२ मध्ये होळकरांनी पुणे जिंकलं तेव्हा पळता पळता दुसरे बाजीराव याच किल्ल्याच्या आसऱ्याला आले होते. इथून वसई, आणि ३१ डिसेंबरला तिथे इंग्रजांशी तह. ज्या आरमारी किल्ल्याला पेशव्यांनीच इंग्रज आणून भिडवले, तिथून पेशवे इंग्रजांकडे निघाले. इतिहासाला असल्या ठिकाणी थोडी लाज वाटायला हवी होती.

बोटवाल्यांना यातलं काही लागत नाही. त्यांना किल्ला हवा तो वाऱ्यासाठी. वायव्येचा वारा सुटला की या खडकाळ खाडीत गलबतांना आडोसा मिळतो, म्हणून हे बंदर, किल्ला नंतरचा. पावसाळ्यात मासेमारी बंद होते, बोटी वर ओढल्या जातात, जाळी दुरुस्त होतात. किल्ल्याला जायचं म्हणाल तर कुणी होडी पाण्यात घालणार नाही.

मुंबईच्या आगबोटीही याच बंदराला थांबायच्या. आमची आजी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून निघायची. बोट लांब उभी राही, मग पडाव, आणि पडावातून किनाऱ्यापर्यंत खलाशांच्या खांद्यावर. आजीने खांद्यावर बसायला साफ नकार दिला होता. नऊवारीचा काचा मारून ती पाण्यातून चालत आली, आणि हातातली कपबशांची करंडी मात्र खलाशाच्या डोक्यावर दिली. त्याने ती पाडली. त्या कपबशा ती मरेपर्यंत मोजून दाखवायची, सुवर्णदुर्गाचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

तिचं माहेर मुरुडचं, म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. आम्ही पोरं हर्णै ते मुरुड चालायला कुरकुरलो की ती ठरलेलं ऐकवायची: “अण्णा परीक्षेसाठी इथून साताऱ्याला चालत गेले, सह्याद्री ओलांडून. तुम्हाला हे एवढंसं होत नाही?” आम्ही मुकाट चालू लागायचो. साताऱ्याला पोचल्यावर अण्णांना वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसूच दिलं नव्हतं, हे ती सांगत नसे.