खुणा जुळल्या, इंजिन जुळलं नाही

टायमिंग बेल्टच्या दोन्ही पुल्यांवरच्या खुणा अगदी बरोबर जुळल्या होत्या. खालची क्रँकची, वरची कॅमची. टायमिंग लाइट लावला तर ठिणगीही जिथं पडायला हवी तिथंच पडत होती. कागदोपत्री या इंजिनात खोट काढायला जागाच नव्हती. तरीही जिप्सी तीन हजार आरपीएमच्या खाली मुळीच ओढत नव्हती. चिखलातल्या चढाला लागली की दम टाकायची आणि आरपीएम वर गेले की एकदम उसळायची.

गाडी माझ्या भाच्याची. जुनी, कार्बोरेटरवाली मारुती जिप्सी. तिचं इंजिन 1298 सीसीचं, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह आणि वर एकच कॅमशाफ्ट. भाच्याला ऑटोक्रॉसचा नाद. मातीचा ट्रॅक, अवघड वळणं आणि घड्याळाशी शर्यत. गाडी आता रस्त्यावर धावत नाही, स्पर्धेला ट्रेलरवरूनच जाते. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करून गाडी रस्त्यावर आणायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 परवानगी देत नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

इंजिनाचं काम आधी एका गॅरेजमध्ये झालं होतं. कॉम्प्रेशन वाढावं म्हणून हेडचं फेसिंग करून एक मिलिमीटर काढला होता. कॅम रिग्राइंड करून जास्त लिफ्टचा केला होता. कार्बोरेटर मोठा बसवला होता. गाडी ओढेना म्हटल्यावर सगळ्यांचा संशय कार्बोरेटरवर गेला. जेट बदलून झाले, फ्लोट बघून झाला, प्लग बदलले. फरक शून्य.

माझा जन्म गेला फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये, इन्स्पेक्शनला. निवृत्तीनंतर डायल गेज आणि मायक्रोमीटर तेवढे घरी आणले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत, इंजिनाच्या कामात मुरलेले. भाच्याला आणि जिप्सीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कव्हर काढलं, बॅटरी मारून खुणा बघितल्या आणि म्हणाले, “मार्काला मार्क लागलंय की ओ सर. टायमिंगात काय न्हाई.”

“मार्क कुणाचं, मेस्त्री? कंपनीचं. हेड कंपनीचं राहिलंय का?”

मेस्त्री थोडा वेळ पुलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मोजूया की मग.”

मुद्दा एवढाच होता. क्रँकशाफ्ट खाली, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, आणि मध्ये दातेरी पट्टा. क्रँक दोन वेळा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. पट्ट्याची एक बाजू कायम ताणलेली असते आणि कॅमला ओढते ती तीच. दुसऱ्या बाजूला टेन्शनर असतो. तो सैलपणा खाऊन टाकतो. हेड एक मिलिमीटर घासलं की कॅम तेवढाच क्रँकच्या जवळ येतो. ताणलेल्या बाजूची लांबी कमी होते, पण पट्टा काही आखडत नाही. मग कॅम मागं राहतो. जिप्सीच्या कॅमपुलीचा आकार बघता एका मिलिमीटरला तो जवळजवळ एक अंश मागं पडतो, म्हणजे क्रँकच्या मापात दोन अंश. पुलीवरची खूण एवढ्या फरकाला डोळ्यांना जुळलेलीच दिसते. त्यात रिग्राइंडरच्या मशीनवर लोब थोडा इकडेतिकडे बसला तर आणखी भर. आणि पट्टा एक दात सरकवून हे दुरुस्त होत नाही. एक दात म्हणजे क्रँकचे पंधरा-सतरा अंश. रोगापेक्षा औषध भारी.

आधी खरं टीडीसी शोधायचं होतं, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा. पिस्टन वर पोचला की डायल गेजचा काटा थांबतो, त्यावरून ते सहज कळेल असं वाटतं. पण शिखराजवळ पिस्टन रेंगाळतो. जिप्सीच्या या इंजिनाचा स्ट्रोक 75.5 मिलिमीटर. शिखरापासून क्रँक तीन अंश फिरला तरी पिस्टन मिलिमीटरचा दहावा भागही खाली येत नाही. त्यामुळं नुसत्या डोळ्यांनी तीन-चार अंशांची चूक होणारच. म्हणून जुना प्लग पोकळ करून त्यात बोल्ट बसवला आणि तो अडसर पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात घातला. क्रँकच्या पुलीवर मी कोरून आणलेली 250 मिलिमीटर व्यासाची अंशांची चकती लावली. एवढ्या व्यासाला एक अंश परिघावर दोन मिलिमीटरहून थोडा जास्त येतो, तो चाळिशी लावूनही वाचता येतो. क्रँक हातानं हळूच एका बाजूनं फिरवला, पिस्टन बोल्टला टेकला, आकडा लिहिला. दुसऱ्या बाजूनं फिरवला, पुन्हा टेकला, आकडा लिहिला. दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी. क्रँकपुलीवरची कंपनीची खूण त्याच्याशी ताडून बघितली. ती अर्ध्या अंशाच्या आत खरी निघाली.

मग अडसर काढला आणि डायल गेज इनटेक व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या टोपीवर टेकवला. कॅम कुठं उभा आहे हे सांगणारा सर्वांत भरवशाचा आकडा म्हणजे लोबची मध्यरेषा: टीडीसीनंतर किती अंशांनी इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. इथंही शिखराचा तोच घोळ, म्हणून युक्तीही तीच. पूर्ण लिफ्टच्या 0.50 मिलिमीटर अलीकडे एक आकडा घ्यायचा, 0.50 पलीकडे दुसरा, आणि मध्य काढायचा. लोबच्या दोन्ही बाजू सारख्या असल्या की हा मध्य खरा येतो. क्रँक मात्र इंजिन फिरतं त्याच दिशेनं फिरवायचा. पुढं गेला तर चांगला अर्धा फेरा मागं आणून पुन्हा पुढं यायचं, नाहीतर पट्ट्याचा सैलपणा वाचनात शिरतो.

आकडे आले 93 आणि 133. मध्य 113. रिग्राइंडरच्या कार्डावर लिहिलं होतं 108. कॅम क्रँकच्या मापात पाच अंश मागं होता. दोन हेडच्या फेसिंगचे, बाकीचे ग्राइंडिंगचे.

भाच्यानं विचारलं, “पाच अंशांनी एवढं होतं, मामा?”

होतं. पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागतो तेव्हाही इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. वेगात ते फायद्याचं, कारण हवेला रेटा असतो आणि ती आत येतच राहते. कमी आरपीएमला तो रेटा नसतो. पिस्टन वर येताना आत आलेली हवा परत ढकलतो. जास्त लिफ्टच्या कॅममध्ये व्हॉल्व्ह आधीच उशिरा मिटतो, त्यात आणखी पाच अंश उशीर झाला की खालचा दम जातो. कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी हेड घासायचं आणि त्या घासण्यानंच मागं पडलेल्या कॅमनं ते कॉम्प्रेशन कमी आरपीएमला उधळून टाकायचं, असा तो उलटा कारभार चालला होता.

मेस्त्रींनी ओळखीच्या टर्नरकडून दोन भागांची ॲडजस्टेबल कॅमपुली करून घेतली. मधला भाग कॅमला पक्का, बाहेरची दातेरी कडा लांबट भोकांतल्या बोल्टनी पुढंमागं सरकणारी. पाच अंश क्रँकचे, म्हणून पुलीवर अडीचच. इथं भल्याभल्यांचा घोटाळा होतो. पट्टा पुन्हा ताणला, इंजिन दोन फेरे हातानं फिरवलं आणि मग मोजलं. 108.

त्यानंतर मेस्त्री स्टार्टरला हात लावायला निघाले, तर मी थांबवलं. कॅम पुढं घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतो. हेड घासलेलं, लिफ्ट वाढलेली. टीडीसीच्या आजूबाजूला थोड्या थोड्या अंशांवर थांबून, रॉकर पट्टीनं दाबून व्हॉल्व्ह पिस्टनला टेकवला आणि मधलं अंतर डायलवर वाचलं. सर्वांत कमी अंतर इनटेकला 1.9 मिलिमीटर, एक्झॉस्टला 2.6. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो, म्हणून त्याला जागा जास्त लागते. दोन्ही पुरेशी होती.

आता दुसरी गाठ. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या टोकाला बसतो आणि कॅमनंच फिरतो. हेडच्या फेसिंगनं कॅमशाफ्ट दोन अंश मागं पडला तेव्हा ठिणगीही तेवढीच मागं पडली असणार. मग आधीच्या गॅरेजमध्ये कुणीतरी टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटरची बॉडी फिरवली आणि ठिणगी टीडीसीच्या आधी 10 अंशांवर आणून ठेवली. लाइट बरोबर सांगत होता, पण तो फक्त ठिणगीचं सांगतो, व्हॉल्व्हचं नाही. कॅमची चूक डिस्ट्रिब्युटरनं झाकली गेली. आम्ही कॅम पुढं आणला तशी ठिणगीही त्याच्याबरोबर पुढं आली. इंजिन चालू करून व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलं, लाइट मारला, तर 15.

मेस्त्री म्हणाले, “आता दहावर घेऊ परत.” पण दहाही आता जास्त होण्याची शक्यता होती. व्हॉल्व्ह लवकर मिटतो म्हणजे सिलिंडरमध्ये हवा जास्त कोंडली जाते, दाब वाढतो, पेट्रोल झटकन पेटतं. झटकन पेटणाऱ्या मिश्रणाला ठिणगी लवकर पाडावी लागत नाही. शिवाय पेट्रोल पंपावरचं साधंच होतं.

त्यात एकच आकडा बघून भागत नाही. ठिणगीनंतर पेट्रोल पेटायला थोडा वेळ लागतो, आणि इंजिन सहा हजार आरपीएमला फिरताना क्रँक एका मिलिसेकंदात 36 अंश पुढं जातो. म्हणून डिस्ट्रिब्युटरमधली वजनं वेगाबरोबर बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पाडतात. आमच्या डिस्ट्रिब्युटरची ही भर क्रँकच्या मापात 22 अंश भरली, चार हजारांच्या आसपास पूर्ण होणारी. आयडलला 8 ठेवले तर वर 30. रेसच्या इंजिनात जपायचा तो हा वरचा आकडा. आयडलचा आकडा त्याच्या मागोमाग येतो.

खरी परीक्षा जोर लावून. भाच्याच्या शेताशेजारच्या खाजगी माळावर जिप्सीला ट्रॅक्टरची रिकामी ट्रॉली जोडली आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात, पूर्ण ॲक्सिलरेटर. ब्लॉकला तांब्याची नळी बोल्टनं आवळली, तिला रबरी नळी जोडून टोक मेस्त्रींच्या कानाला. 12 ला नॉकिंग स्पष्ट आलं, पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसं. 10 ला मला काहीच ऐकू आलं नाही. मेस्त्रींनी हात वर केला. “हाय. बारीक हाय, पण हाय.” प्लग काढून भिंगाखाली धरला तर पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चमकदार काळे ठिपके. मेस्त्रींचं खरं होतं. 8 ला कान स्वच्छ, प्लग स्वच्छ. तिथंच बॉडीचा बोल्ट आवळला आणि खूण मारली.

गाडी दोन हजारांपासून ओढायला लागली. ट्रॉली घेऊन चढ निघाला. फुकट काही मिळालं नाही. सहा हजारांच्या वर आधी जी उसळी होती ती थोडी बोथट झाली. एकाच कॅमशाफ्टवर इनटेक आणि एक्झॉस्टचे लोब आहेत, एक हलवला की दुसरा हलतोच, त्यामुळं दोन्हीकडून मनासारखं करता येत नाही. पण ऑटोक्रॉसच्या ट्रॅकवर सहा हजारांच्या वर गाडी राहते किती? वळणातून बाहेर पडतानाचा जोर तिथं वेळ वाचवतो. भाच्यानं हा सौदा आनंदानं पत्करला.

कारखान्यातून आलेल्या खुणा कारखान्यातून आलेल्या इंजिनासाठी असतात. हेड घासलं, कॅम बदलला, जाड किंवा पातळ गॅस्केट टाकली की त्या खुणांचा आधार संपला. मग क्रम पाळावा: आधी खरं टीडीसी, मग कॅमची मध्यरेषा, मग व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा, आणि डिस्ट्रिब्युटर सर्वांत शेवटी. डिस्ट्रिब्युटर फिरवायला सोपा असतो म्हणून पहिला हात तिकडेच जातो. तो आवरावा. आणि हेड फेसिंगला देताना किती घासलं तो आकडा बिलावर लिहून घ्यावा. पुढं तोच लागतो.