भुऱ्याची गुरगुर

राजौरीकडच्या पोस्टवर असताना आमच्या लंगरच्या मागे एक गावठी कुत्रा येऊन राहिला. रंगावरून त्याचं नाव पडलं भुऱ्या. रात्री संतरीच्या आधी चाहूल त्याला लागायची, म्हणून सगळ्यांचा लाडका. एकच खोड होती. खाताना कोणी जवळ गेलं की गुरगुरायचा.

सुट्टीवर गावी आलो तेव्हा मी फोनवर कुत्रा शिकवायचे व्हिडिओ बघू लागलो. एक जण फार ठासून बोलायचा. कुत्रा म्हणजे लांडगाच, कळपाचा म्होरक्या कोण ते त्याला दाखवा, गुरगुरला की उताणा पाडून दाबून धरा, सात दिवसांत फरक, गॅरंटी! लाखो लोकांनी पाहिलेला व्हिडिओ. आम्हा फौजींना दराऱ्याची भाषा पटकन पटते. पोस्टवर परत येऊन मी तेच केलं. चौथ्या दिवशी गुरगुर बंद. मी खूश.

पुढच्या आठवड्यात आमचा कुक भांडं उचलायला वाकला आणि भुऱ्याने आवाजही न करता त्याच्या हाताचा लचका तोडला. जखम साबणाने धुतली, रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली. भुऱ्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचं ठरलं. सुभेदार साहेब म्हणाले, त्यानंतर बघू, पण असा कुत्रा पोस्टवर नको. चूक माझी, शिक्षा त्याला.

त्याच दिवसांत रस्ता तपासायला डॉग युनिटचा एक हँडलर आपली लॅब्रॅडॉर घेऊन आला. मेरठच्या आरव्हीसी सेंटरमध्ये शिकलेला हरियाणवी गडी. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "गुरगुराना उसकी बोली थी, साब. आपने वही बंद कर दी."

मग त्याने शिकवलं. भांड्यातलं काही काढायचं नाही, उलट लांबून उकडलेल्या अंड्याचा तुकडा आत टाकायचा आणि मागे फिरायचं. माणूस जवळ आला की काही जात नाही, मिळतं, हे कुत्र्याला समजू दे. तो खाता खाता थांबला, अंग ताठ झालं, की आपण फार पुढे आलो समजायचं आणि दोन पावलं मागे यायचं. गॅरंटी कसली? तर म्हणाला, "वो कुत्ता बताएगा."

नंतर मी त्या म्होरक्याच्या गोष्टीचं मूळ शोधलं. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर लिहिलं होतं. डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना सर्वदूर नेली. पण पुढे रानातले लांडगे पाहून त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. आपलंच म्हणणं त्यांनी दुरुस्त केलं. माझा व्हिडिओवाला मात्र अजून तिथेच अडकलेला.

आता गावाकडून फोन येतात, कुत्रा पाळलाय, कुणाचं ऐकू? मी सांगतो, किती लोकांनी पाहिलंय ते बघू नका. शिकवणारा दिवसांची गॅरंटी देतो का, ते बघा. पद्धत चालली नाही तर काय करायचं, ते सांगतो का? त्याच्या व्हिडिओत आवाज बंद करून फक्त कुत्रा बघा. शेपटी पायांत, कान मागे, जीभ सारखी ओठांवर, तर तो शिकत नाही, घाबरतोय. आणि कुत्रा चावला असेल तर व्हिडिओ सोडा, आधी जनावरांच्या डॉक्टरकडे जा.

दहा दिवस सरले, भुऱ्या ठणठणीत होता. सुभेदार साहेबांनी आणखी महिनाभर मुदत दिली, तीही माझ्या जबाबदारीवर. रोज एक अंडं माझ्या वाट्याचं गेलं. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी घाईत फार जवळ गेलो आणि भुऱ्या हळूच गुरगुरला. मी दोन पावलं मागे आलो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तो पुन्हा माझ्याशी बोलायला लागला होता.