मांडीवरचे वाद्य

(एका माजी विद्यार्थिनीकडून)

भांडे विकत घेणे आणि वाद्य विकत घेणे ह्यांत मोठा फरक आहे. भांडे घरी आले की त्याच दिवशी चुलीवर चढते. वाद्य मात्र घरी येऊन माणसाची वाट पाहत बसते. ज्याच्यासाठी ते आणायचे त्याला ते वाजवता येत नसते, आणि ज्याला वाजवता येते तो जाणकार दुकानात आपल्या शेजारी उभा असतोच असे नाही. म्हणून नवशिक्या गिऱ्हाइकाची स्थिती मोठी अवघड होते. स्वस्त घ्यावे तर वाद्य वाईट निघण्याची भीती, आणि महाग घ्यावे तर आपणच वाईट निघण्याची! गेल्या वर्षी आमच्या घराला ह्या कोंडीतून वाट काढावी लागली. माझा धाकटा भाऊ ह्याच शाळेत इयत्ता आठवीत आहे. ती हकीकत शाळेच्या वार्षिकासाठी लिहून दे, असा त्याने हट्ट धरला, म्हणून हा लेख.

माझे वडील बेळगावातील एका फाउंड्रीत साचे करण्याचे काम करीत. दिवसभर वाळू आणि तप्त धातू ह्यांच्या संगतीत राहूनही त्यांच्या बोटांत विलक्षण नाजूकपणा होता, आणि तो संध्याकाळी बासरीवर उतरे. आमच्या गल्लीतील भजनी मंडळात अभंग संपला तरी बाबांची बासरी क्षणभर रेंगाळत असे, आणि लोक टाळ खाली ठेवून ती ऐकत. तीन वर्षांपूर्वी कामावर असताना त्यांच्या डाव्या हाताला अपघात झाला. हाडे जुळली, जखम भरली. पण अनामिका आणि करंगळी ही दोन बोटे ताठ राहिली, ती आता वाकत नाहीत. बासरीची वरची तीन भोके डाव्या हाताची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ह्यांनी झाकायची असतात. अनामिका भोकावर नीट बसेना, वारा निसटू लागला, आणि सूर फुटू लागला. एके दिवशी बाबांनी बासरी पंचाला पुसली, कापडात गुंडाळली आणि फळीवर ठेवून दिली. त्यानंतर ते भजनाला जाईनासे झाले. घरात त्याविषयी कोणी बोलत नसे. परंतु गुरुवारची संध्याकाळ आली म्हणजे आम्हां सर्वांनाच ते न बोलणे ऐकू येई.

बाबांचे एका ध्वनिमुद्रणावर फार प्रेम आहे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे त्याचे नाव. ते १९६७ साली निघाले, आणि त्यात शिवकुमार शर्मा ह्यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया ह्यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा ह्यांची गिटार आहे. बाबा ते बासरीसाठी ऐकत. एका रविवारी भावाने मध्येच विचारले, “बाबा, ही गिटार अशी गळ्यातून गायल्यासारखी कशी वाजते?” उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा त्याने मोबाइलवर असे वाद्य वाजविणाऱ्या एका वादकाचे चित्रण शोधून काढले. गिटार मांडीवर आडवी ठेवलेली होती. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मध्यमा ह्यांत पोलादाची एक गुळगुळीत कांडी धरलेली होती, आणि ती तारांवरून सरकत होती. उरलेली दोन बोटे कांडीच्या मागे तारांवर सरळ टेकलेली होती, वाकलेली नव्हती. बाबांनी ते चित्रण दोनदा पाहिले. मग त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिले. ते काहीच बोलले नाहीत. पण आम्ही समजलो.

ह्या वाद्याची जन्मकथा विद्यार्थ्यांना आवडेल अशी आहे. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाचा एक शाळकरी मुलगा होता. होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकत असताना, १८८९ च्या सुमारास, त्याने ही वादनपद्धती सिद्ध केली, असे सामान्यतः मानले जाते. प्रथम हाताशी असलेल्या कंगवा, चाकू अशा वस्तू तारांवर सरकवून पाहाव्यात आणि पुढे पोलादाची कांडी करून घ्यावी, असा त्याचा क्रम सांगतात. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला ह्या सुरांचे वेड लावले. हवाईचे वादक टाऊ मो हे आपल्या कुटुंबासह १९४० नंतरची काही वर्षे कोलकात्यात राहिले, आणि त्या शहरात हे वाद्य चांगलेच रुजले. आपल्या देशाला ही कल्पना परकी वाटली नाही, ह्याचे कारणही उघड आहे. उत्तरेकडील विचित्रवीणा आणि दक्षिणेकडील गोट्टुवाद्यम् ही वाद्ये अशाच रीतीने, तारेवर गोटा किंवा कांडी सरकवून वाजवितात. मींड हा आपल्या संगीताचा प्राण. आणि जेथे बोट पडद्यावर अडत नाही तेथे मींड आपोआप वाहते.

बाबांना सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. १९३२ साली बाजारात आलेली रिकेनबॅकर कंपनीची विजेवरची गिटार ही अशीच मांडीवर ठेवायची होती, आणि ती ॲल्युमिनियम ओतून केलेली होती. गोल पोट आणि लांब दांडी ह्यांमुळे लोक तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, म्हणत. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तिचा धातू प्रसरण पावे आणि तारांचे सूर बिघडत. हे वाचून दाखविताच बाबा कित्येक महिन्यांनी हसले. “तापल्यावर ॲल्युमिनियम वाढणारच. आमच्या फाउंड्रीत विचारले असते तर सांगितले असते!” ते म्हणाले.

आता प्रश्न पैशांचा होता. आईने दिवाळीसाठी आणि अडीनडीसाठी ९,००० रुपये बाजूला ठेवले होते. ते तिने पुढे केले, तेव्हा बाबांनी स्पष्ट नकार दिला. “हात गेला तो गेला. त्याच्यापायी घरातला पैसा जायला नको,” असे त्यांचे म्हणणे. त्यामागे आणखी एक भीती होती, ती त्यांनी बोलून दाखविली नाही. एकदा बासरी सुटली होती. आता नवे वाद्य आणावे आणि तेही जमू नये, तर त्या माणसाला ते दुसऱ्यांदा सोसावे लागले असते. अखेर आईनेच तोड काढली. ती म्हणाली, “असे वाद्य बघा, की तुम्हांला नाही जमले तर पोराला तरी उपयोगी पडेल.” मला वाटते, नवशिक्याने वाद्य कसे निवडावे ह्याविषयी इतके शहाणपणाचे वाक्य मी दुसरीकडे ऐकलेले नाही.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, विजेवरची खास लॅप स्टील गिटार. ही लहान, सुटसुटीत, भरीव लाकडाची असते. परंतु ॲम्प्लिफायर जोडल्याखेरीज तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. म्हणजे एका वाद्यासाठी दोन खरेद्या. आम्हांला सांगितलेली किंमत एकट्या गिटारीचीच १२,००० रुपयांच्या पुढे होती. दुसरी वाट रेझोनेटर गिटारीची. तिच्या पोटात धातूची पातळ तबकडी असते आणि तिचा नाद मोठा गोड. पण ती त्याहूनही महाग. तिसरी वाट साध्या, पोकळ पेटीच्या, पोलादी तारांच्या गिटारीची. तिच्या तारा उंच करून घेतल्या की तीच मांडीवर आडवी ठेवून वाजविता येते. आणि मन बदलले तर उंच पट्ट्या काढून जुन्या पट्ट्या बसविल्या की ती पुन्हा साधी गिटार! आईच्या अटीत बसणारी हीच एक होती. नायलॉनच्या तारांची गिटार मात्र ह्या कामी निरुपयोगी; कांडीखाली तिचा सूर उमटतच नाही म्हटले तरी चालेल.

खडेबाजारात आम्ही तिघे गेलो. वाजविता येत नसतानाही वाद्य पारखता येते, हे मला त्या दिवशी कळले. आम्ही चार गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे दांडी: एका टोकाला डोळा लावून ती सरळ आहे की पिळलेली, हे पाहिले. साच्याची कड पाहण्याची सवय असलेल्या बाबांनी दोन गिटारी ह्याच परीक्षेत बाजूला ठेवल्या. दुसरी म्हणजे खुंट्या: तार चढवून, जरा ओढून, पुन्हा छेडली, स्वर उतरला तर खुंटी सैल. तिसरी म्हणजे घोडी: ती पेटीपासून किंचितही उचललेली नसावी, कारण तारांचा सगळा ताण तिच्यावर असतो. चौथी परीक्षा मोजपट्टीची. खुंट्यांकडच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी ६५ सेंटिमीटर असेल, तर बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे साडेबत्तीस सेंटिमीटरांच्या जवळ, आला पाहिजे. तेथे तार निम्मी होते आणि वरचा षड्ज मिळतो. कांडीने वाजविताना पडदे तारेला लागत नाहीत, ते केवळ खुणेच्या रेघा ठरतात. आणि रेघच चुकलेली असेल तर नवशिक्याचे डोळे त्याच्या कानाला रोज फसवितात. आम्ही पसंत केलेली गिटार ४,८०० रुपयांना मिळाली. तिचा रंग मला आवडला नाही, पण रंगाला कोणी मत दिलेले नव्हते.

तारा उंच करण्यासाठी आम्ही मिरजेला गेलो. सतार-तंबोऱ्यांचे हे गाव आमच्या बेळगावाहून रेल्वेने सुमारे तीन तासांवर आहे. तेथील एका वृद्ध कारागिराने गिटार उलटसुलट पाहिली आणि बाबांना विचारले, “वाजवणार कोण?” बाबांनी काही न बोलता डावा हात पुढे केला. त्या चाचांनी तो हात आपल्या हातात घेतला, ताठ बोटे हलकेच दाबून पाहिली आणि म्हणाले, “ही दोन बोटे कांडीमागे निजवा. तारेची खरखर ती मारतील. देवाने कामापुरता हात ठेवला आहे.” त्यांनी खुंट्यांच्या बाजूला हाडाची उंच पट्टी बसविली. घोडीवरची पट्टी मध्ये किंचित फुगीर होती, तिच्या जागी सपाट आणि उंच पट्टी घातली. कारण कांडी सरळ असते, तेव्हा साही तारा एका पातळीत यावयास हव्यात. जुन्या पट्ट्या कागदात बांधून परत दिल्या. तारा आता दांडीपासून सुमारे एक सेंटिमीटर उंच झाल्या. मजुरी ३५० रुपये.

तारा मिळविण्याच्या पुष्कळ रीती आहेत. त्यांतील एका रीतीत जाड तारा मूळ स्वराहून वर चढवाव्या लागतात, आणि स्वस्त गिटारीची घोडी त्या ताणाने उखडू शकते. म्हणून आम्ही अशी रीत घेतली की जीत एकही तार वर चढत नाही. काही तारा उतरतात, दोन आहेत तशाच राहतात. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा, प, सा, ग, प, सा असे सूर येतात. मोकळ्या तारांवरून हात फिरवला की आपल्या कानाला घरच्यासारखे वाटते.

कांडी विकत घ्यावी लागली नाही. बाबांच्या एका सहकाऱ्याने पाऊण इंच जाडीचा स्टेनलेस स्टीलचा तीन इंची तुकडा लेथवर उतरवून दिला, आणि बाबांनी तो तीन रात्री बसून पॉलिश पेपरने आरशासारखा केला. वजन १७० ग्रॅमच्या आसपास. ह्याहून हलकी कांडी तारेवर नाचते, खरखरते. फार जड असली तर मनगट दुखते. तारांचा नवा संच ४५० रुपये आणि पिशवी ४०० रुपये. प्रवासखर्च सोडून एकूण ६,००० रुपये झाले. उरलेले ३,००० आईच्या डब्यात परत गेले, आणि दिवाळीला चकल्याही झाल्या.

ह्या गोष्टीला आता आठ महिने झाले. वाद्य सोपे आहे असे मात्र मुळीच नाही. पडदा सूर राखत नाही, म्हणून कांडी केसभर मागे राहिली तरी सूर उतरतो, पुढे गेली तर चढतो. पहिला महिना आमच्या शेजाऱ्यांनी मोठ्या सहनशीलतेने काढला. परंतु बाबांना एका गोष्टीचे साहाय्य झाले. बासरीवरही श्रुती कानानेच लावायची असते. चाळीस वर्षांचा तो कान अपघातात सापडला नव्हता. हात नवशिका होता, कान नव्हता. आणि कान पुढे चालला तसा हात हळूहळू त्याच्या मागे येऊ लागला. आज ते भूप रागाचे आलाप संथपणे वाजवितात. द्रुत लयीत हात अजून अडखळतो. ताठ झालेली दोन बोटे कांडीमागे तारांवर निजलेली असतात आणि नको असलेला नाद शांत करतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला वाद्य घ्यावयाचे असेल, तर किमतीच्या चिठ्ठीआधी ज्याने ते वाजवायचे त्याच्या हाताकडे पाहा, आणि त्याच्या कानात आधीपासून काय साठले आहे ते विचारा. परवडणारे वाद्य म्हणजे सर्वांत स्वस्त वाद्य नव्हे. ज्याच्यावर पहिल्या दिवशी खरा सूर लागू शकतो, आणि जे नाही जमले तरी घरातील कोणाला मान खाली घालावी लागत नाही, ते परवडणारे. भावाची साधी गिटार वाजविण्याची आशा त्यामुळे लांबणीवर पडली आहे, आणि मिरजेच्या चाचांनी परत दिलेल्या जुन्या पट्ट्या आमच्या कपाटात तशाच कागदात आहेत. मागच्या गुरुवारी भजनी मंडळाचा एकजण बाबांना बोलावण्यास आला होता. “वाद्य घेऊन येऊ का?” असे बाबांनीच त्याला विचारले.