पुसलेली राणी

चांदबिबीचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. १५९५ साली मोगल फौजेने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तिने तो किल्ला नेटाने लढवला. हातावर ससाणा घेऊन घोड्यावर बसलेल्या चांदबिबीची चित्रे तिच्या मृत्यूनंतरही दखनी चित्रकार अनेक वर्षे काढत राहिले. पण तिच्या आईचे नाव काय होते?

तिच्या आईचे नाव खुंझा हुमायूं. अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाची ती बेगम. तिचे चित्र एका हस्तलिखितात आहे. 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे त्याचे नाव. उर्दू जाणणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगायला नको! आफताबी नावाच्या कवीने फारसीत लिहिलेले हे काव्य आहे. त्यात राजाराणीची स्तुती आहे आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईचे वर्णनही आहे. हे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवलेले आहे. त्यातील बारा चित्रे आज शिल्लक आहेत.

पुस्तकाच्या पानावर मावणाऱ्या अशा चित्रांना लघुचित्रे म्हणतात. जुने चित्रकार कागद गुळगुळीत दगडाने घोटत. रंगीत दगड आणि माती कुटून, वाटून रंग तयार करीत. खारीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने रेषा काढत आणि शेवटी सोन्याचे काम करीत. एकेका पानाला कितीतरी दिवस लागत. कागद, रंग, शाई, कलम हे शब्द आपण उर्दूत बोलतो आणि मराठीतही बोलतो. चित्राच्या शैलीलाही 'कलम' म्हणतात. दख्खनच्या दरबारांत जी शैली वाढली, ती दखनी कलम. तिच्यात इराणची नक्षी आहे. पण चित्रातल्या स्त्रियांच्या अंगावर चोळी आहे आणि त्यांच्या लांब वेण्यांना गोंडे आहेत.

या चित्रांत कवीने आणि चित्रकाराने राणीला मानाची जागा दिली होती. ती सिंहासनावर राजाच्या शेजारी बसलेली होती. दरबारी चित्रांत असे क्वचितच दिसते. परंतु आज ती चित्रे पाहिली, तर बहुतेक ठिकाणी राजा दिसतो, सेवक दिसतात आणि राणीच्या जागी मात्र पुसल्याची खूण दिसते. कोणीतरी मुद्दाम तिची आकृती घालवली आहे.

असे का झाले असावे? १५६५ मध्येच हुसेन निजामशहा वारला. मुलगा मुर्तजा लहान होता, म्हणून खुंझा हुमायूंने काही वर्षे राज्यकारभार पाहिला. मग मुर्तजाने सरदारांच्या मदतीने तिला कैद केले आणि सत्ता आपल्या हाती घेतली. त्यानंतरच तिची चित्रे पुसली गेली असावीत, असे अभ्यासक मानतात. चित्र काढणाऱ्याला महिने लागले असतील. पुसणाऱ्याला किती वेळ लागला असेल?

आमच्या हिंगोली जिल्ह्यातील शाळेत मी हा धडा शिकवते, तेव्हा मुलामुलींना एक काम देते. आपल्या घराण्याची तीन पिढ्यांची नावे वहीत लिहायला सांगते. आजोबा, पणजोबा यांची नावे भराभर लिहिली जातात. आजीच्या नावापाशी अनेकांची लेखणी थांबते. "टीचर, आम्ही त्यांना दादीच म्हणतो," असे उत्तर येते. त्या दादीच्या नावाची वहीतली जागा तेवढी कोरी राहते.

मुलांनो, राजे गेले, दरबार गेले. राणीचे चित्र कोणी पुसले ते आपल्याला नेमके सांगता येत नाही आणि पुसलेला चेहरा परत आणताही येत नाही. पण दादीचे नाव विचारता येते. एक मुलगी दुसऱ्या दिवशी चार नावे लिहून घेऊन आली. त्यांतले एक नाव तिच्या अब्बांनाही माहीत नव्हते. ते तिने गावातल्या एका म्हाताऱ्या फुफीकडून मिळवले होते.

तुम्हीही आज घरी जाऊन विचारा आणि मिळालेली नावे शाईने लिहा.