परतीची तार

फेंडर कंपनीच्या ‘चॅम्प’ या चिमुकल्या गिटार-अ‍ॅम्प्लिफायरचा नकाशा एका कागदावर आरामात मावतो. मॉडेल ५एफ१, १९५०च्या दशकातलं. तीन व्हॉल्व्ह, आठ इंची एक स्पीकर, पाचेक वॅटची ताकद आणि बाहेरून पिळायला एकच बटण, आवाजाचं. गिटारचा सिग्नल डावीकडून शिरतो आणि टप्प्याटप्प्याने मोठा होत उजवीकडे स्पीकरला पोचतो. सगळ्या रेघा पंढरीच्या वाटेला लागलेल्या. एकच पठ्ठी तिथे पोचून उलट आळंदीकडे निघालेली. स्पीकरपासून २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ती पार मागे, दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडला जाऊन मिळते.

त्या रेघेवर माझं बोट अडलं, तसा भाचा म्हणाला, “मामा, तीच तर उडवायचीय.”

नकाशा बघून त्याने हा अ‍ॅम्प घरीच बांधलाय. आवाज गोड येतो, आणि तीच त्याची तक्रार. त्याला सूर फाटलेला हवा, तोही शेजारी दार ठोठावायच्या आत. मला तो गोडच बरा वाटत होता, पण मामाचं मत विचारतो कोण!

ही तार करते काय? स्पीकरकडे निघालेल्या आवाजातला थोडासा भाग मागे आणते आणि मूळ सिग्नलमधून वजा करते. अ‍ॅम्प्लिफायरने वाटेत पदरचं काही घुसडलं असेल तर ते बऱ्याच अंशी खोडलं जातं. त्या बदल्यात गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याची पट, घटतो. जोर द्यायचा आणि शुद्धता घ्यायची, असा रोखठोक व्यवहार.

हा व्यवहार सुचला हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनिअरला. प्रश्न लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा होता. बोलणं हजारो मैल न्यायचं तर वाटेत ठिकठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागणार, आणि प्रत्येक जण मूळच्या आवाजात आपली भर घालणार. एकाने बिघडवलेलं दुसरा मोठं करणार, वर स्वतःचंही बिघडवणार. शेवटच्या माणसाच्या कानात पडायचा तो नुसता चिखल. ब्लॅक वर्षानुवर्षं या चिखलामागे लागला होता. व्हॉल्व्हच अधिक निर्मळ करता येतो का, तेही बघून झालं. मग २ ऑगस्ट १९२७ची सकाळ. मॅनहॅटनमधल्या वेस्ट स्ट्रीटच्या प्रयोगशाळेत कामाला जाताना तो हडसन नदी ओलांडणाऱ्या लॅकवाना फेरीबोटीवर होता, आणि तिथे त्याला ही उलटी वाट दिसली. हाताशी होता त्या दिवशीचा ‘न्यूयॉर्क टाइम्स’. त्याच्याच एका पानावर त्याने आकृती काढली, समीकरणं मांडली आणि कचेरीत पोचल्यावर सहकाऱ्याची साक्षीची सही घेऊन ठेवली. ही सही मला फार आवडते. विजेसारखा विचार चमकून गेलाय आणि माणूस कारकुनी विसरलेला नाही! (भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये मला आजवर फक्त झोप सुचलेली आहे.)

पुढची गंमत पेटंटची. अर्ज १९२८चा, मंजुरी २१ डिसेंबर १९३७ला. गरजेपेक्षा कितीतरी जास्त गेनचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा आणि तो जास्तीचा गेन मुद्दाम फेकून द्यायचा, हे कुणाच्या गळी उतरेना. ब्रिटिश पेटंट कचेरीने तर त्याची गणना न थांबता आपोआप चालणाऱ्या यंत्रांमध्ये केली. अशी यंत्रं घेऊन येणारे लोक तिथे नेहमीचेच असावेत.

आणि इकडे गिटारवाले. १९५१ साली ‘रॉकेट ८८’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला एक अ‍ॅम्प्लिफायर वाटेत मार खाऊन मेम्फिसला पोचला, ध्वनिमुद्रण करणाऱ्या सॅम फिलिप्सने स्पीकरच्या फाटक्या कागदात कागदच कोंबला आणि तसंच मुद्रण केलं. गिटारवादक लिंक रेने ‘रंबल’साठी स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. लंडनमध्ये डेव्ह डेव्हिसने ‘यू रियली गॉट मी’साठी ब्लेड चालवलं, ते गाणं १९६४चं. ब्लॅकने जे जिवापाड झटून घालवलं, ते या मंडळींनी दप्तरातल्या आणि दाढीच्या सामानातून परत आणलं.

भाच्याच्या टेबलावर ब्लेड नव्हतं, सोल्डरिंग आयर्न होतं. मागची फळी काढली. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरांमध्ये तीनशेवर व्होल्ट दबा धरून बसू शकतात, म्हणून आधी रेझिस्टर लावून ते उतरवले, मीटरवर खात्री केली, तेव्हा कुठे एक हात आत गेला. दुसरा खिशात. ही सवय त्याला कुणी लावली माहीत नाही, पण मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच निर्धास्त वाटलं.

परतीची तार सुटली की दुसऱ्या टप्प्याचा कॅथोड मोकळा होतो. त्याच्याखाली दीड किलोओहमचा रेझिस्टर, तपकिरी-हिरवा-लाल पट्ट्यांचा. ब्लॅकची युक्ती तिथेही छोट्या प्रमाणात चालू असतेच: सिग्नलबरोबर त्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज हलतो आणि व्हॉल्व्हला मागे खेचतो. त्याच्या शेजारी २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला, उणे पाय जमिनीकडे, की ती हालचाल परस्पर जमिनीत जाते. १२एएक्स७ व्हॉल्व्हचा त्या टप्प्यावरचा गेन साधारण तिसाचा साठाच्या घरात जातो. कपॅसिटर चहापेक्षा स्वस्त. ०.६८ मायक्रोफॅरडचा लावला तर मुख्यतः वरचे सूर धारदार होतात, तो मार्शल अ‍ॅम्पवाल्यांचा रिवाज. तार कापण्याऐवजी तिथे एक स्विच बसव, एवढं मात्र मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

डाख थंड झाला, फळी बसली, व्हॉल्व्ह तापले. त्याने जोरात ई कॉर्ड मारला तो काठाकाठाने फाटत आला. तोच अलगद छेडला तर स्वच्छ. हाताचा जोर तेवढा ऐकू येत होता. मागची घरघरही वाढली होती, अर्थात. गेन आपलंपरकं बघत नाही.

मला उगाच मिरजेचे तानपुरे करणारे आठवले. तानपुऱ्याची घोडी कानसून तिला बारीक उतार द्यायचा, तार घोडीला घासत थरथरेल असा तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि एका सुरातून वरच्या स्वरांचं मोहोळ उठेपर्यंत तो मागेपुढे करत राहायचं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे झाले आणि तानपुऱ्याच्या जुळणीबाबत कमालीचे काटेकोर राहिले. ते १९३७च्या ऑक्टोबरमध्ये गेले, मद्रासहून पाँडिचेरीला जाताना, वाटेतल्या एका रेल्वे स्टेशनवर. ब्लॅकचं पेटंट त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, तारखा शेजारी आल्या म्हणून लिहिलं. तानपुऱ्याची ही गुंज म्हणजे जवारी; ती कुणाला खुली लागते, कुणाला बंद, आणि त्यावरून गवयांचे अबोलेही होत असतील. मला स्वतःला किंचित बंदच बरी वाटते. फार खुल्या जवारीचे दोन तानपुरे मागे असले की कान आधीच भरून जातात, आणि विलंबित ख्यालाला बसायला जागाच उरत नाही.